फोनचा अबोला

सासूबाईंना राग आला की त्या स्वतः बोलायच्या थांबत आणि त्यांचा फोन बोलायला लागे. दूध उतू गेलं, अकरा दिवस अबोला. मुलानं न विचारता बाहेरच्या खोलीतली खुर्ची हलवली, आठवडाभर अबोला. या काळात घरातल्यांशी त्यांचा सगळा व्यवहार तिसऱ्या माणसामार्फत चाले. मुलगा हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी सुनेला सांगायचं, "त्याला म्हणावं, जेवायचं असेल तर ऊठ." सून समोर भाजी चिरत असली तरी मुलाला सांगायचं, "तिला विचार, गॅस बंद करायचा असतो हे कोणी शिकवलं नाही का?" निरोप देऊन झाले की खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि फोनचा आवाज शेवटच्या टोकापर्यंत चढवायचा. मग गुडघ्यांचे व्यायाम, पोट साफ राहण्याचे सात उपाय, कुठल्याशा मालिकेतल्या दोन जावांची भांडणं, असं सगळं त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी नऊपासून घुमत राही.

आतल्या खोलीत सून काम करायची. डॉक्टर मंडळी रुग्ण तपासून झाले की घाईघाईनं बोलून ठेवतात, ते ऐकून हिनं टाइप करायचं. कानांवर माइकवाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे जाई, सोडलं की थांबे. डॉक्टर जांभया देत बोलत, तोंडात घास धरून बोलत, मध्येच कोणावर तरी खेकसत. त्यातून औषधाचा आकडा नेमका टिपायचा. आकडा चुकला की तपासणाऱ्या बाई लाल शेरा मारत, आणि महिन्यात चार लाल शेरे पडले की काम बंद. दोन खोल्यांमधलं दार फुगून बसलं होतं, ते चौकटीत जायचंच नाही. त्या महिन्यात पहिल्या पंधरवड्यातच सुनेचे तीन शेरे झाले होते.

तिनं सांगून पाहिलं नाही असं नाही. "आई, जरा आवाज कमी कराल का? दोन तासच."

सासूबाईंनी तिच्याकडे न बघता भिंतीला सांगितलं, "कानात बोळे घालून बसायचं, वर दुसऱ्याच्या आवाजाचा त्रास! आणि याला म्हणायचं नोकरी." आणि आवाज होता त्याहून वर जाणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी बटण आणखी दोनदा दाबलं.

नवऱ्याला सांगावं तर तो शीतगृहात पाळीवर. घरी आला की त्याची बोटं गार आणि डोकं त्याहून गार. "बोलतो मी आईशी," असं तो म्हणे. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्याचं ते बोलणं अजून व्हायचं होतं.

तेव्हा सुनेनं जे केलं ते केलं. त्याला चूक म्हणायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण चुकून झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या जुन्या फोनमध्ये हेडफोनची पिन मोडून टोक आत राहिलं होतं, आणि फोन आपला हेडफोन लावलाय असं समजून मुका झाला होता. ते तिच्या लक्षात होतं. निकामी झालेला एक हेडफोन खणात पडला होता. तिनं त्याची पिन नखांच्या कानशीनं मधोमध अर्धी घासून ठेवली. मंगळवारी सासूबाई आंघोळीला गेल्या, आतून नळाचा आवाज आला, तशी ती बाहेर आली, खुर्चीवरचा फोन उचलला, पिन आत ढकलली आणि कडेला वाकवली. टक. वरचा तुकडा हातात आला, खालचा आत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात हेडफोनचं छोटं चिन्ह उमटलं. तिनं फोन होता तसा ठेवला आणि जाऊन पेडलवर पाय दिला. खरं सांगायचं तर तिला हसू येत होतं.

सासूबाई केस पुसत आल्या, खुर्चीत बसल्या, गुडघ्यांचा व्यायाम लावला. पडद्यावरची बाई पाय वर करत होती, तोंड हलवत होती, आणि आवाज नाही. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फोन हलवला, तळव्यावर आपटला, छिद्रात फुंकर मारली. बंद करून चालू केला. संध्याकाळपर्यंत कापूस लावलेली काडी, केसांची पिन आणि शिव्या, तिन्ही वापरून झालं होतं.

"मेलं हेडफोन हेडफोन काय दाखवतंय? आपल्याकडे कोणी हेडफोन लावलाय?"

"बघू," म्हणत नवऱ्यानं फोन हातात घेतला. त्यानं कुठंसं बघितलं की हेडफोन दहा वेळा आत-बाहेर केला की चिन्ह जातं. म्हणून त्यानं बायकोचाच हेडफोन मागितला. तो आत जाईना. "अगं, आत काहीतरी अडकलंय वाटतं."

"जबरदस्ती करू नका," सून म्हणाली. "बोर्ड जाईल, मग नवाच घ्यावा लागेल." एवढ्यावर त्या गार डोक्याच्या माणसानं फोन खाली ठेवला आणि "रविवारी बघू" म्हणाला. असे तीन रविवार गेले.

घर शांत झालं. सुनेला डॉक्टरांच्या जांभयासुद्धा स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. चौथा शेरा काही पडला नाही, आणि महिना उलटल्यावर जुने तिन्ही पुसले गेले. शिवाय एक फायदा तिनं मुळात धरलाच नव्हता. कॉल आला की फोन कानाला लावून काही ऐकू यायचं नाही, पण कॉल चालू असताना पडद्यावरचं स्पीकरचं बटण दाबलं की मात्र आवाज यायचा. हे बटण कुठे असतं ते सुनेला ठाऊक होतं, सासूबाईंना नव्हतं, आणि तिनं दाखवलंही नाही. "कधी लागतो, कधी नाही लागत, मला जमतं थोडंफार," असं तिनं सांगून टाकलं. झालं! जी बाई पाणी मागायचं तर तिसऱ्या माणसाला मध्ये घालायची, ती फोन हातात घेऊन दारात येऊन उभी राहू लागली. "सूनबाई, जरा लावून देतेस का गं?" सून कधी लगेच लावून द्यायची, कधी एक बोट वर करून थांबवून ठेवायची. काम चालू असेल तर थांबवणं भागच असे. काम चालू नसलं तरीही कधीकधी भाग असे.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे नवऱ्याची बहीण. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. सासूबाईंनी त्या मुलाला पहिल्याच भेटीत, त्याच्या तोंडावर, उंटावरचा शहाणा म्हटलं, आणि मुलीनं तरीही त्याचा हात सोडला नाही तेव्हा अबोला धरला. हा अबोला अकरा दिवसांत संपला नाही. जाताना मुलगी पाया पडायला वाकली तर सासूबाईंनी सुनेला सांगितलं, "तिला म्हणावं, उशीर होतोय, निघा." धाकटी जी गेली ती गेली. भावाला अधूनमधून दोन ओळी लिहायची, आईचं नावसुद्धा त्यात नसायचं. सासूबाईंनीही चार वर्षांत तिचं नाव काढलं नाही. मात्र दर वर्षी तिच्या वाढदिवसाला त्या दिवसभर फोन खुर्चीच्या हातावर, पडदा वर करून ठेवत, हे सुनेनं पाहिलं होतं. त्या दिवशी व्हिडिओ लागत नसत.

तर चौथ्या आठवड्यात एका सकाळी सासूबाई फोन धरून दारात आल्या. सुनेच्या कानात एक डॉक्टर घाईघाईनं आकडे सांगत होता. तिनं बोट वर केलं.

"अगं, अनोळखी नंबर आहे. मी उचललाय. हॅलो हॅलो करतेय तर..."

सुनेनं बोट तसंच ठेवलं. पेडल सोडून हेडफोन काढेपर्यंत कॉल कटला होता. "परत येईल," ती म्हणाली. दुपारी परत आला तेव्हा ती गच्चीवर कपडे काढायला गेली होती. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा पुन्हा तेच बोट. सासूबाईंनी स्वतःच तो नंबर लावून पाहिला, तर समोरून कोणी उचलेना. "असेल कोणी विकणारा," सून म्हणाली.

शुक्रवारी नवरा पाळीवरून आला तो बूट न काढता आईसमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. सुनेनं सहा वर्षांत त्याला असं लाल झालेलं पाहिलं नव्हतं.

"आई, धाकटीचा फोन आला होता तुला?"

"धाकटीचा?" सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कधी?"

त्यानं आपल्या फोनवरचा मजकूर वाचून दाखवला, मास्तरांनी उत्तरपत्रिका वर्गात वाचावी तसा, एकेक शब्द सुटा करून. "आईला तीनदा फोन केला. नवा नंबर आहे म्हणून उचलला तिनं. मी बोलत होते, ती ऐकत होती, एक शब्द बोलली नाही. बाळंतपणाची तारीख वीस आहे. डॉक्टर म्हणतात जपायला हवं. आईनं यावं असं वाटलं होतं. आता नाही वाटत. तिला सांगू नकोस."

"मी बोलले नाही?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "अरे, घसा फुटेस्तोवर हॅलो हॅलो केलं मी! मला काही ऐकू येत नव्हतं. फोन बिघडलाय, तुला ठाऊक आहे!"

"तुला ऐकू येत नव्हतं, मान्य. तिला का ऐकू गेलं नाही? बोलली असतीस तर गेलं असतं ना?"

"मी बोलले!"

"आई, तुझा अबोला काय मला माहीत नाही? ती पोटुशी आहे, तिकडे तिच्याजवळ माहेरचं कोणी नाही, तिनं चार वर्षांनी तोंड उघडलं आणि तू... पुरे झालं." तो आत आला, बायकोच्या शेजारून टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाला, "तिला सांग, आजपासून माझ्याशी बोलायचं कारण नाही." आईची विद्या मुलाला बरी आली होती.

सून की-बोर्डवर बोटं ठेवून बसली होती. तिला त्या क्षणी कळलं होतं. मोडलेली पिन माइकवाल्या हेडफोनची होती. फोनला वाटत होतं हेडफोन लावलाय, म्हणजे तो आवाज तर त्या नसलेल्या हेडफोनकडे पाठवत होताच, पण सासूबाईंचं बोलणंही त्याच्याच माइकमधून ऐकायला बघत होता. स्पीकरचं बटण दाबेपर्यंत सासूबाईंनी छत कोसळेल इतकं ओरडलं असतं तरी समोर चकार शब्द जाणार नव्हता. हे आधी तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, शपथेवर. पण आता आलं होतं, आणि नवरा तोंडावर पाणी मारत होता, दोन पावलांवर. बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

ती बोलली नाही. सांगितलं तर हा माणूस, जो आज पहिल्यांदा चिडायला शिकलाय, तो आपल्यावर चिडेल, एवढं एकच तिच्या मनात आलं. मूग गिळून बसणं हा शब्दप्रयोग त्या घरात आजवर सासूबाईंसाठी राखीव होता.

पाच दिवस गेले. मुलगा आईशी बोलेना. सासूबाई ताट वाढून ठेवत, तो बाहेरून खाऊन येई. धाकटी भावाचाही फोन उचलेना. सासूबाई दर तासाला सुनेकडून तिला फोन लावून घेत, आणि समोर नुसती घंटी वाजत राही. वीस तारखेला नऊ दिवस राहिले, आठ राहिले. कधीही कोणापुढे न वाकलेली ती बाई दाराच्या चौकटीला टेकून म्हणायची, "आणखी एकदा लाव." आणि सून लावायची, आणि स्वतःचा तिरस्कार करायची, आणि तेवढ्यानं सासूबाईंवरचा राग कमी मात्र होत नव्हता. आवाज दोन तास कमी केला असतात तर ही वेळ आली असती का, हे वाक्य ती मनात इतक्यांदा म्हणाली की त्यात काही दम उरला नाही.

सहाव्या दिवशी आंघोळीच्या वेळेत तिनं तुकडा काढायचा प्रयत्न केला. काडीच्या टोकाला डिंक, म्हणजे तो झटकन चिकटणारा, लावायचा, आत तुकड्याला टेकवायची, धरून ठेवायची, ओढायची. काडी चिकटली, पण तुकड्याला नव्हे, छिद्राच्या भिंतीला. ओढली तर मोडली. आता आत पिन होती, डिंक होता आणि वर लाकूडही होतं. नळ बंद झाला तेव्हा ती नखानं कुरतडत होती.

"राहू दे ते," मागून सासूबाई म्हणाल्या. "दुकानात नेऊ. आत्ताच्या आत्ता. ती पुन्हा फोन करेल तेव्हा हा धड हवा." त्यांनी केसही विंचरले नाहीत. "तू चल बरोबर. मला तिथली भाषा कळत नाही, बोर्ड नि काय ते."

नाही म्हणायला सबब सुचेना.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत एक टेबल, वर दिवा, आणि कपाळावर भिंग बांधलेली एक जाडजूड बाई. तिच्यापुढे चार फोन पोट फाडून पडले होते. तिनं सासूबाईंचा फोन घेतला, छिद्रात उजेड टाकला आणि नाक मुरडलं.

"कोणी हात घातला यात? डिंक कोणी लावला?"

"मी," सून म्हणाली. "काढायला बघत होते."

"लोकांना घरी दुसरी कामं नसतात," दुरुस्तीवाली म्हणाली आणि कामाला लागली. आधी थेंबभर काहीतरी सोडून डिंक मऊ केला, चिमट्यानं काडीचे तंतू ओढले. मग एक सुई दिव्यावर तापवली, आत नेऊन कशाला तरी टोचली आणि गार होईपर्यंत श्वास रोखून धरली. सासूबाई टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या होत्या. सुनेला वाटत होतं, हाती लागू नये. नाहीच निघाला तुकडा तर बरं. सुई हळूच मागे आली आणि तिच्या टोकाला तो निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा, चकचकीत.

पडद्यावरचं चिन्ह गेलं. बाईनं काहीतरी लावलं आणि जिन्याखालची ती एवढीशी जागा गुडघ्यांच्या व्यायामानं दणाणून गेली.

"आता मी बोललेलं समोर जाईल?" सासूबाईंनी विचारलं.

"जाईल की. आधी कुठून जाणार? हे माइकवाल्या हेडफोनचं टोक आहे, हे बघा, तीन पट्टे. फोन त्या माइकची वाट बघत बसलेला. तुम्ही कितीही ओरडा, तिकडे शून्य." बाईनं तुकडा भिंगाखाली धरला आणि तिला आपल्या कसबाचा मोह आवरला नाही. "आणि हे आपोआप नाही हां मोडलेलं. अर्ध्यापर्यंत घासलंय, इथे गुळगुळीत आहे. मग मोडलंय, इथे खरबरीत. कोणीतरी सवडीनं केलंय."

सासूबाईंनी तुकडा तळहातावर घेतला. उलटसुलट करून बघितला. सुनेकडे मान वळवली नाही. दुरुस्तीवालीला त्या शांतपणे म्हणाल्या, "हिला विचारा, आमच्या घरात माइकवाला हेडफोन कोण लावतं?"

"तुमच्या घरातलं मला काय करायचंय?" दुरुस्तीवाली म्हणाली आणि पुढचा फोन ओढला.

रस्ताभर दोघी बोलल्या नाहीत. आता वर्षभराचा अबोला, सुनेनं मनाशी धरलं, आणि ते तिला चाललं असतं. पण घरात शिरल्यावर सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि थेट तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बस इथे."

सून खुर्चीत बसली, सासूबाईंच्याच.

"का केलंस?"

"माझं काम जाणार होतं. तीन शेरे पडले होते. आवाज कमी करा म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला! भिंतीशी बोललात, माझ्याशी नाही."

"म्हणून माझं तोंड दाबलंस?"

"फोनचं दाबलं. समोर आवाज जात नाही हे मला ठाऊक नव्हतं. धाकटी फोन करेल हे मला काय ठाऊक?"

"आणि कळलं तेव्हा?" सासूबाई वाकल्या. "शुक्रवारी कळलं ना तुला? तुझ्या तोंडावर दिसलं असणार, पण मी माझ्याच दुःखात होते. माझा पोरगा मला खोटारडी म्हणाला, सहा दिवस माझ्या हातचं जेवला नाही, आणि तू शेजारच्या खोलीत बसून टकटक करत राहिलीस. रोज मला फोन लावून देत राहिलीस. मजा बघत होतीस?"

मजा नव्हती, भीती होती. पण भीती म्हटलं असतं तरी ते सहा दिवस काही कमी झाले नसते.

"लाव फोन," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच फोनवरून. आणि तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं, सगळं. मोठ्यानं लाव, मला ऐकू दे."

सुनेनं लावला. घंटी वाजून संपली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा समोरून उचलला गेला आणि धाकटीचा आवाज आला, इतका स्वच्छ की ती खिडकीतच बसलीय असं वाटलं.

"हं. बोल. की आजही नाही?"

सासूबाईंचे ओठ उघडले. तेव्हा त्या नुसतं 'कशी आहेस' म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं. चार वर्षांत त्या पोरीला तेवढंच हवं होतं. पण त्यांची नजर सुनेवर होती. आधी हिची फजिती, मग बाकीचं, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला होता. त्यांनी हनुवटीनं फोनकडे खूण केली.

"मी वहिनी बोलतेय," सून म्हणाली.

मग धाकटी म्हणाली, "वा."

"ऐकून घे. आई बोलत होत्या, प्रत्येक वेळी. तुला ऐकू आलं नाही ते माझ्यामुळे. त्यांच्या फोनच्या आवाजाचा मला त्रास व्हायचा, म्हणून मी हेडफोनची पिन मोडून आत घातली होती. मुद्दाम. त्यामुळे तिकडे आवाज जात नव्हता. त्यांची काही चूक नाही. सगळी माझी." आयुष्यात इतकं खरं ती एका दमात कधी बोलली नव्हती.

धाकटी हसली. ते हसणं थेट सासूबाईंचं होतं.

"छान पाठ करून घेतलंय. पिन मोडून आत घातली! वहिनी, तू असलं काही करशील? तू तर तिच्यापुढे साधा आवाज चढवला नाहीस कधी. शेजारीच उभी आहे ना ती? तिला म्हणावं, चार वर्षांपूर्वी 'उशीर होतोय, निघा' हेसुद्धा तिनं तुझ्याकडूनच सांगवलं होतं. आज माफीही तुझ्याच तोंडून?"

"नाही गं, मी शपथ घेऊन..."

"तुला काय, तू त्याच घरात राहतेस. ती जे म्हण म्हणेल ते तुला म्हणावं लागणार. मला कळतं. मला तुझा राग नाही."

सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. "अगं, मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "मी आहे. आई. तुझी तारीख... मी येते, उद्याच निघते, तू फक्त... अगं, ऐकतेस ना?"

समोरून उत्तर आलं नाही. फोन अगदी ठणठणीत होता. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती, भांडं ठेवल्याचा आवाज आला, धाकटीचा जड झालेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. ती ऐकत होती आणि बोलत नव्हती.

"बाळा," सासूबाई म्हणाल्या. या घरात हा शब्द सुनेनं कधी ऐकला नव्हता. "बोल ना गं काहीतरी."

मग तिकडे दुसऱ्या कोणा बाईचा, वयस्क, मायेचा आवाज आला. धाकटीची सासू असावी. "कोणाचा फोन आहे गं? उभी का राहिलीस, बस खाली."

"कोणाचा नाही, आई," धाकटी तिला म्हणाली आणि फोन ठेवला.

सासूबाईंना शब्दन् शब्द ऐकू आला.